गाडी जॅकवर लटकवून दाखवलेली थरथर

जुन्या गाडीची मागची चाकं हवेत लोंबकळत ठेवून, इंजिन चालू करून, गिअर टाकून कोणी "बघा मालक, कसं हादरतंय ते" असं म्हणालं, तर गाडी तशीच खाली उतरवून घ्या आणि घरी या. सोलापुरातल्या एका गॅरेजवाल्याने याच प्रयोगाच्या जोरावर माझ्याकडून 1 लाख 14 हजार रुपये काढले. थरथर खरीच होती. फक्त तिचा माझ्या तक्रारीशी काडीचा संबंध नव्हता.

गाडी एमजीबी. दोन सीटची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची. मामांनी पुण्यात असताना हौसेने घेतलेली, आता माझ्याकडे आहे. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात या गाड्या लाखांनी बनल्या, त्यामुळे पार्ट आजही नवे मिळतात. तिचं 1798 सीसीचं इंजिन आपल्या जुन्या ॲम्बॅसॅडरच्या 1489 सीसी इंजिनाच्याच घराण्यातलं. म्हणजे ॲम्बॅसॅडरवर हात बसलेल्या मेकॅनिकला ती परकी नाही. पण सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली की दहा मोबाइल बाहेर निघतात, आणि अशी गाडी आवारात शिरताना बघून गॅरेजवाल्याच्या डोक्यात वेगळाच हिशेब सुरू होतो.

तक्रारी दोन होत्या. पुणे हायवेला 75 ते 85च्या दरम्यान सीटखालून थरथर यायची, 90च्या पुढे कमी व्हायची. आणि गावातल्या खड्ड्यांत मागून कुठूनतरी टकटक. पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी होती, त्यानंतर हे सुरू झालं. पहिल्याच भेटीत मी हे सगळं सांगितलं होतं. चौकशी करणाऱ्या मेकॅनिकला यातच निम्मं उत्तर मिळतं.

याने काही विचारलं नाही, रस्त्यावर चालवूनही पाहिली नाही. ट्रॉली जॅकने बॉडी उचलली, घोड्या, म्हणजे गाडी तोलून धरणारे स्टँड, बॉडीखाली लावल्या, मागचा ॲक्सल खाली लोंबू दिला आणि चौथ्या गिअरमध्ये रेस दिली. अख्खी गाडी कापायला लागली. "क्रॉस गेलेत, शाफ्ट वाकलाय. पुण्याला बॅलन्सिंगला पाठवावं लागंल."

यातली हातचलाखी समजून घ्या, कारण मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांवर ती चालते. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणारा दांडा. त्याच्या दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे तिरक्या कोनातही फिरणारे सांधे, असतात. क्रॉस तिरका फिरला की पुढचा भाग एकसारख्या गतीने फिरत नाही, एका फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसरा क्रॉस हा फरक भरून काढतो, पण त्याला दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे चिमटे एका रेषेत हवेत. ॲक्सल लोंबकळला की कोन वाढतात आणि बिघडतात. शिवाय चाकांवर वजन नसतं, त्यामुळे टायरचा जरासाही असमतोल मोकाट नाचतो. शोरूममधून काल आणलेली गाडीसुद्धा अशी टांगली तर कमी-अधिक थरथरेलच. तपासायचंच असेल तर घोड्या ॲक्सलखाली लावायच्या, म्हणजे स्प्रिंगवर गाडीचं वजन येतं आणि शाफ्ट रस्त्यावर असतो त्याच रेषेत राहतो. तेव्हाही पुढच्या चाकांना ओट, म्हणजे अडवणारे ठोकळे, लावल्याशिवाय आणि आजूबाजूची माणसं लांब केल्याशिवाय रेस देऊ नये.

शाफ्ट "पुण्याहून" परत आला तो काळाकुळकुळीत, चकचकीत. 31 हजार. पुढे कळलं की तो सोलापूरच्या वेशीबाहेरही गेला नव्हता. बॅलन्स केलेल्या शाफ्टवर नव्याने वेल्ड केलेल्या छोट्या पट्ट्या दिसतात. याच्यावर कारखान्यातलीच जुनी पट्टी होती आणि काळा रंग थेट वंगणाच्या थरावर मारला होता. नखाने खरवडला की पापुद्रा निघायचा.

गाडी आता 50लाच हादरायला लागली. त्यावर त्याचं उत्तर ऐका, अशी उत्तरं तोंडपाठ असल्याशिवाय येत नाहीत. "शाफ्ट नीट झाला ना मालक, म्हणून आता गिअरबॉक्सचा दोष उघडा पडला." गिअरबॉक्स ओव्हरहॉल, 58 हजार. तरीही फरक पडेना, तेव्हा "चॅसी अलाइनमेंट" आणि "गॅस शॉकअप 4 नग" मिळून 25 हजार. पक्कं बिल मागितलं की जीएसटीचा बाऊ करायचा. हाती यायच्या त्या वहीच्या कागदावरच्या चिठ्ठ्या.

हे सगळं उलगडलं ते अक्कलकोट रोडकडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकमुळे. हयात स्टेशनवरच्या ॲम्बॅसॅडर टॅक्स्या दुरुस्त करण्यात गेलेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पान्ह्याला हातच लावला नाही, आधी मला घेऊन हैदराबाद रोडला गेले. मोकळा पट्टा बघून 80ला क्लच दाबायला आणि गाडी न्यूट्रल करायला सांगितलं. इंजिनाचा आवाज खाली आला, थरथर तशीच. "इंजिन सुटलं. आता चाक, शाफ्ट, ॲक्सल, एवढ्यातच बघायचं." या परीक्षेला पैसा लागत नाही, गॅरेजही लागत नाही. थरथर स्टिअरिंगमध्ये येत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटमध्ये आणि पायाखाली येत असेल तर मागची चाकं किंवा शाफ्ट.

मग गाडी घोड्यांवर चढली, घोड्या ॲक्सलखाली. चाचांनी टॉर्च मारला आणि हसले. एमजीबीच्या शाफ्टला सरकत्या दातांचा जोड असतो, खोलताना दोन तुकडे होतात. बसवताना दोन्ही तुकड्यांवरचे बाण समोरासमोर आणायचे असतात. आमचे बाण एकमेकांकडे पाठ करून बसले होते. म्हणजे चिमटे रेषेत नाहीत, म्हणजे एका क्रॉसची चूक दुसरा भरून काढण्याऐवजी वाढवतोय. 50ची थरथर इथली होती, त्यानेच तयार केलेली. हे मुद्दाम केलं की आडाणीपणाने, ते मला ठरवता येत नाही. तिच्यावर पुढची 58 हजारांची चिठ्ठी फाडली ती मात्र आडाणीपणाने नव्हे.

गिअरबॉक्सचं प्रकरण तर त्याहून भारी. "खालूनच काढला" असं तो म्हणाला होता. गाडीबरोबर आलेलं वर्कशॉप मॅन्युअल उघडलं. एमजीबीचा गिअरबॉक्स खालून निघत नाही. बॉनेट आणि रेडिएटर उतरवून इंजिनासकट वरून उचलून काढावा लागतो. आमच्या रेडिएटरच्या क्लिपांवर, इंजिन माउंटिंगच्या बोल्टांवर, बॉनेटच्या बिजागरीच्या स्क्रूंवर वर्षांची धूळ जशीच्या तशी. एकालाही पान्हा लागल्याची खूण नाही. चाचांच्या नातवाने मोबाइलवर व्हिडिओ काढला, तो पुढे फार कामाला आला.

चॅसीबद्दल काय सांगू? एमजीबीला वेगळी चॅसीच नसते. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा, दारांखालच्या बंद पेट्या भार उचलतात. जी वस्तू गाडीत नाही, ती याने सरळ करून दिली. गॅसच्या शॉकअपचंही तेच. कारखान्याने या गाडीला हातासारखा दांडा असलेले लीव्हरवाले शॉकअप दिले, पुढच्या चाकांना तर तोच दांडा वरच्या विशबोनचं, म्हणजे चाक धरणाऱ्या हाताचं, काम करतो. माझ्या गाडीत चारही ठिकाणी तेच जुने, तेलाने ओले. डिकीत नवे पडलेत का तेही पाहिलं, नव्हते.

बाण जुळवून शाफ्ट बसवल्यावर 50ची थरथर गेली, आणि आमची मूळची 80ची उरली. इथे नातवाने फिफॉक्स नावाचं मोफत ॲप काढलं. मोबाइल सीटच्या रुळाशेजारी फरशीवर घट्ट चिकटवला की सेकंदाला किती हादरे बसतात याचा आलेख ते देतं. हिशेब सोपा आहे. या गाडीच्या टायरचा घेर सुमारे 1.9 मीटर, म्हणजे 80च्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास 12 फेऱ्या घेतं. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर 3.909 आहे, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या 3.909 फेऱ्या, म्हणून शाफ्ट त्याच वेळी 46च्या आसपास फिरतो. क्रॉसचा दोष असता तर त्याच्या दुप्पट. आलेखातलं टोक 12वर उभं होतं. चाक! शाफ्ट नाही, गिअरबॉक्स तर नाहीच. पडताळणीसाठी पुढची-मागची चाकं अदलाबदल केली तर थरथर सीटमधून उठून स्टिअरिंगमध्ये आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं टायर सोडून बाकीच्या अख्ख्या गाडीला शिक्षा झाली होती.

टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का 3211 होता, म्हणजे 2011 सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर शिल्लक, त्यामुळे कोणाला संशय येत नव्हता. पण रबर दगड झालेलं आणि पावसाळाभर एका जागी उभं राहून एका बाजूला सपाट झालेलं. नवे टायर घातले, तारा ताणून चाकं सरळ करून घेतली. तारांच्या चाकांना बॅलन्सिंग मशीनवर हबच्या मापाचे शंकू लागतात. नेहमीच्या शंकूवर चाक तिरकं बसतं आणि मशीन खोटा आकडा दाखवतं, हे दुकानदाराला आधीच विचारा.

टकटकीचा शोध फुकटात लागला. डिकीतून स्टेपनी, जॅक, हत्यारांची पिशवी सगळं बाहेर काढलं, टपाचा सांगाडा उतरवला, आणि नातू चालवत असताना मी मागे तोंड करून एकेका वस्तूवर हात दाबत बसलो. जुळे सोलापूरच्या गतिरोधकांवर आवाज कायम. खाली पाहिलं तर सायलेन्सरचा मागचा रबर तुटलेला आणि पाइप बॉडीला लागून तिथे चकाकी आलेली.

एक गोष्ट अजून चीड आणते. आवाज दाबायला त्या माणसाने दारांच्या आत फोम कोंबला होता. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. ती भोकं फोमने बंद, आणि ओला फोम पत्र्याला चिकटलेला. डाव्या दारात गंज सुरू झाला आहे. तुमच्या गाडीचा आवाज एखाद्याने काहीही न बदलता "गायब" केला असेल, तर दाराचं आतलं कव्हर उघडून बघाच.

व्हिडिओ घेऊन त्या गॅरेजवाल्याकडे गेलो तेव्हा आधी "गिअरबॉक्स पोरांनी काढला असंल, मी गावाला होतो" झालं. रेडिएटरच्या क्लिपा मोठ्या करून दाखवल्यावर गिअरबॉक्सपैकी 40 हजार त्याच दिवशी परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सुरुवातीचा सल्ला 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मिळतो. पक्कं बिल नसलं म्हणून मागे हटू नका. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवर त्याने टाकलेले दर, काम करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो हे सगळं मी जोडलं आहे. चिठ्ठ्याही जोडल्या. एकीवर, ज्या गाडीला चॅसी नाही तिच्या नंबरासमोर, "चॅसी अलाइनमेंट" त्याच्याच अक्षरात लिहिलेलं आहे, खाली सही आहे.