पाणबुडीच्या चित्रापायी २२,४५० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

९,२५० आगाऊ. ९,२५० "प्रिंट तयार आहे" म्हटल्यावर. २,८०० फ्रेमचे, १,१५० विमा उतरवलेल्या कुरियरचे. एकूण २२,४५० रुपये, सगळे यूपीआयने. दुकानाचं नाव एक आणि पैसे घेणाऱ्या खात्यावरचं नाव भलतंच. नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा!

बाबा 'वागली'वर होते. १९७४ साली नौदलात आलेली ही फॉक्सट्रॉट वर्गाची सोव्हिएत बनावटीची पाणबुडी २०१० साली निवृत्त झाली. तिचं जलरंगातलं चित्र, तेही विशाखापट्टणमच्या खऱ्या सागरी नकाशावर, बाबांच्या पंचाहत्तरीला द्यायचं होतं. मूळ चित्र परवडणारं नव्हतं, म्हणून पन्नासच प्रती काढलेली, चित्रकाराच्या सहीची प्रिंट मागवली.

नमुना व्हॉट्सॲपवर आला तेव्हाच कळायला हवं होतं. रोज आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो. चित्रातल्या पाणबुडीच्या मनोऱ्याला दोन्ही बाजूंनी पंख होते. फॉक्सट्रॉटच्या मनोऱ्याला पंख नसतात, पुढचे पंख नाकाकडे असतात. आमच्या भिंतीवर वागलीचा फोटो आहे, लहानपणापासून बघतेय! नकाशावर 'डॉल्फिन्स नोज'चा डोंगरही नव्हता. मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा फक्त नमुना. खरा चार्ट सुरक्षेच्या कारणास्तव व्हॉट्सॲपवर पाठवता येत नाही."

नौदलाच्या घरात सुरक्षेचं नाव काढलं की पुढे कुणी विचारत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. बोलण्यात मेस, पाणबुडीवाल्यांचा डॉल्फिन बॅज, ८ डिसेंबरचा पाणबुडी दिन, सगळं होतं. माझ्या जागी कुणीही विश्वास ठेवला असता. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे छापील चार्ट राजरोस विकत मिळतात, हे बाबांनी नंतर सांगितलं.

आलं काय? चकचकीत कागदावरची रंगीत झेरॉक्स. भिंग लावलं की जलरंगाच्या जागी शाईचे ठिपके. पेन्सिलची सही खोडरबरानेही पुसट होईना, कारण तीसुद्धा छापलेली. प्रत क्रमांक ७/५०. बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलानेही तिथूनच मागवली होती, त्याचाही क्रमांक ७/५०!

पोलीस ठाण्यात म्हणे, "वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी मामला." बँकेत म्हणे, "पिन तुम्हीच टाकलात." ठाण्याने बँकेकडे पाठवायचं, बँकेने ठाण्याकडे. एका साहेबांनी तर "चित्राला एवढे पैसे कशाला घालवायचे?" असं ऐकवलं. चोर कोण आणि जाब कोणाला? मी पावत्या दाखवतेय, स्क्रीनशॉट दाखवतेय आणि हे मलाच अक्कल शिकवतायत. लेखी तक्रार घ्यायलाही तयार नव्हते. पोच मागा, हलू नका.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. सहीचा जवळून फोटो आधी मागा.

त्या माणसाने मला ब्लॉक केलंय. जाहिरात नव्या नावाने चालू आहे, पंखवाली पाणबुडी तीच, किंमत आता १९,९९९.