पैलवान भावाचं हृदय आणि आमचे डॉक्टर: आठ महिन्यांनंतर

माझा धाकटा भाऊ तालमीत राहतो. स्पर्धेआधी काढलेला ईसीजी बघून एका ठिकाणी "अटॅक येऊन गेलाय, कुस्ती सोड" एवढंच सांगितलं. आमचे चुलते तिशीतच अचानक गेलेले, त्यामुळे आमच्या वडिलांनी, आबांनी, अंथरूणच धरलं. मग कोल्हापुरातच खेळाडूंचं हृदय आणि आनुवंशिक हृदयविकार बघणाऱ्या या डॉक्टरांकडे गेलो.

मशिनीला हात लावायच्या आधी त्यांनी कागदावर आमची वंशावळ काढली. कोण कितव्या वर्षी गेलं, चक्कर कुणाला यायची, सगळं. भावाला जोर-बैठका, खुराक विचारला आणि इंजेक्शनं घेतोस का, हेही न रागावता विचारलं. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या कप्प्याची भिंत 14 मिलिमीटर निघाली. 12 पर्यंत ठीक, 15 पासून आजार धरतात; मधे मेहनतीनं जाड झालेलं हृदयही सापडतं आणि आजाराचंही. मेहनतीची जाडी विश्रांतीनं उतरते, म्हणून तीन महिने मेहनत बंद! पैलवानाला माती बंद म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. डॉक्टरांनी स्वतः वस्तादांना फोन केला, म्हणून पोरगं टिकलं.

दरम्यान आम्हा सगळ्यांचा इको केला. आबांची भिंत 18. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार; साधारण पाचशेत एकाला असते आणि प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. आता भावाबद्दलची शंका उलट वाढली. जनुक तपासणी आधी आबांची केली, कारण आजारी माणसात दोष नेमका सापडला तरच बाकीच्यांच्या "नाही"ला अर्थ. भावात तो दोष नाही, भिंतही 11 वर आली. तो परत आखाड्यात उतरलाय.

दोष माझ्यात निघाला. इको सध्या नॉर्मल आहे. हा रिपोर्ट सांगताना डॉक्टरांनी बाहेरची गर्दी थांबवून मला वेळ दिला. आजार होईलच असं नाही, पण ठरावीक काळानं तपासणी चुकवायची नाही, हे दोनदा सांगितलं. माझ्या मुलीबद्दल मी विचारायच्या आधी त्यांनीच विषय काढला.

त्रासही आहे. अपॉइंटमेंट घेऊनही दोन-दोन तास बसावं लागतं. जनुकाचा नमुना बाहेर जातो, रिपोर्टला आठवडे लागतात आणि खर्च खिशातून. एमआरआयचा खर्च वेगळा. पण घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल आणि पोरगं फुटबॉल किंवा कुस्ती खेळत असेल, तर इथंच जा. जाताना जुने ईसीजी आणि घरातल्या मोठ्या माणसांना सोबत न्या; डॉक्टरांना अर्ध्याहून जास्त माहिती तिथूनच मिळते.