फाईट अर्काईव्हचं सबस्क्रिप्शन: ठोसे सगळे आहेत, वजनकाटा कुठेय?

आधीच सांगतो, सर्व्हिसचं नाव घेणार नाही कारण मला कुणाशी भांडायचं नाहीये, पण जुन्या बॉक्सिंग फाईट्स दाखवणारं पेड अ‍ॅप घ्यायचा विचार करत असाल तर हे वाचून घ्या. मी एक महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं ते फक्त मॅनी पॅकियाओसाठी. आठ वेगवेगळ्या वजनगटांत वर्ल्ड टायटल जिंकलेला आजवरचा एकमेव बॉक्सर. म्हटलं तुकड्यातुकड्यात हायलाइट्स बघून कंटाळा आलाय, एकदाचं पहिल्यापासून ओळीने सगळं बघू, फ्लायवेटपासून (112 पौंडांचा गट) वर वर चढत.

तर पहिला धक्का म्हणजे अ‍ॅपमध्ये वजनगटाचा फिल्टर आहे आणि पॅकियाओ टाकलं की तो एकाच गटात दिसतो, वेल्टरवेट (147 पौंड). बस्स. म्हणजे ज्या माणसाची अख्खी गोष्टच वजनाची आहे त्याला यांनी एका खणात कोंबून ठेवलाय. वर फाईट्स तारखेने लावायची सोयच नाही, अपलोड ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने येतात, त्यामुळे आधी 2015 ची मेवेदर फाईट, खाली 2003, मग 2019, असा सगळा खिचडा. शेवटी मी वही घेतली आणि स्वतःच यादी केली: 112 पौंड, 122, 126, 130, 135, 140, 147, 154. ज्यांना पौंड डोक्यात बसत नाहीत त्यांच्यासाठी, साधारण 51 किलोपासून 70 किलोपर्यंत. ऐकायला 19 किलो काही वाटत नाही, पण बॉक्सिंगमध्ये दीड-दोन किलोला गट बदलतो आणि तेवढ्यानेही समोरच्याचा ठोसा वेगळा लागतो.

आता सुरुवातीच्या फाईट्स. पदार्पण 22 जानेवारी 1995, फिलिपिन्स, वय 16, चार राऊंडची फाईट, पॉइंट्सवर जिंकला. त्याने स्वतःच नंतर कबूल केलंय की तेव्हा वजन जेमतेम 98 पौंड होतं आणि काट्यावर आकडा गाठायला खिशात वजनं टाकली होती. सगळे बॉक्सर वजन कमी करायला घाम गाळतात आणि हा पोरगा वजन वाढवायला चोरी करतोय! ती फाईट अ‍ॅपवर नाही. ठीक आहे, ते मी समजू शकतो. पण 1996 ची रुस्तिको तोरेकाम्पोवाली, पहिला पराभव, तीही नाही. त्यात पॅकियाओचं वजन जास्त भरलं म्हणून त्याला समोरच्यापेक्षा जड ग्लोव्हज घालायला लावले आणि तिसऱ्या राऊंडमध्ये तो नॉकआऊट झाला. म्हणजे एका वर्षात काट्याशी भांडण उलटं झालेलं. आधी भरत नव्हतं, आता उतरत नाही, पोरगा वाढत होता ना.

जे आहे त्यातलं सगळ्यात जुनं म्हणजे 4 डिसेंबर 1998, थायलंड, चॅटचाई सासाकुल विरुद्ध, डब्ल्यूबीसी फ्लायवेट टायटल (डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ या टायटल देणाऱ्या वेगवेगळ्या संघटना). प्रिंट इतकी वाईट की दोघांचे चेहरे ओळखू येत नाहीत, आवाज मध्येच जातो, पण मी ही फाईट तीनदा बघितली. सासाकुल सुरेख बॉक्सर, सात राऊंड त्याने पोराला शिकवणी दिल्यासारखं खेळवलं, पॉइंट्सवर पुढे होता, आणि आठव्यात डावा हात लागला आणि संपलं. तेव्हा पॅकियाओकडे खरं तर डावा हात सोडून फारसं काही नव्हतंच, डावखुरा, पुढे उडी मारायची आणि डावा सोडायचा, लागला तर लागला. हे नीट बघून ठेवा कारण नंतरचा पॅकियाओ किती बदलला ते कळायला हाच नमुना लागतो.

आणि मग येते ती फाईट जिच्यामुळे मला हा रिव्ह्यू लिहावासा वाटला. सप्टेंबर 1999, परत थायलंड, मेडगोएन सिंगसुरात. अ‍ॅपवर खाली माहिती काय, तर "पॅकियाओ टायटल गमावतो, तिसरा राऊंड, नॉकआऊट". अहो चूक आहे हे! टायटल रिंगमध्ये गेलंच नाही, ते काट्यावर गेलं. 112 ची मर्यादा आणि त्याचं वजन त्याच्या वर भरलं, तिथेच चॅम्पियनपद काढून घेतलं, मग सुकलेल्या अंगाने दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये उतरला आणि पोटावर एक बसला तसा खाली बसला तो उठलाच नाही. ज्याने आधीची बातमी वाचलेली नाही तो म्हणेल काय कमजोर चॅम्पियन होता. वेट-इनची, म्हणजे फाईटआधीच्या वजनतपासणीची एक क्लिप, निदान दोन ओळींची नोंद एवढी टाकली असती तर गोष्ट कळली असती. पूर्ण अ‍ॅपमध्ये वेट-इन म्हणून काही नाहीच. मी सर्चमध्ये टाकून बघितलं, वजन कमी करायच्या व्यायामाचे व्हिडिओ आले.

यानंतर त्याने जे केलं ते कमाल आहे. 115 आणि 118 हे दोन गट सरळ ओलांडले आणि 122 ला गेला. लोक म्हणतात आठ गट जिंकले, पण मध्ये दोन गट टायटलशिवाय सोडून दिलेत हे कुणी बोलत नाही. म्हणजे चढण अजूनच मोठी होती. 23 जून 2001, लास वेगस, लेहलोहोनोलो लेडवाबा, आयबीएफ सुपर बँटमवेट. मूळचा प्रतिस्पर्धी बाहेर पडला म्हणून दोन आठवड्यांच्या नोटीसवर पॅकियाओला बोलावलेलं, ट्रेनर फ्रेडी रोचच्या वाइल्ड कार्ड जिममध्ये तो नुकता आलेला. सहाव्या राऊंडमध्ये रेफरीने थांबवली. ही प्रिंट चांगली आहे, आणि इथे पहिल्यांदा दिसतं की काट्याने मोकळं सोडलेला पॅकियाओ काय चीज आहे. पाय वेगळे चालतात अक्षरशः. उपाशी माणूस आणि जेवलेला माणूस एवढाच फरक आहे हो, त्यात गूढ काही नाही.

2003 ची बरेरा फाईट, सॅन अँटोनियो, 126 पौंड. अ‍ॅपने हिला पाचपैकी पाच स्टार वगैरे दिलेत, योग्यच आहे. मार्को अँटोनियो बरेरा तेव्हा गटातला मोठा माणूस, सगळ्यांना वाटत होतं तोच जिंकणार, आणि अकराव्या राऊंडमध्ये त्याच्या कॉर्नरनेच, म्हणजे त्याच्याच माणसांनी फाईट थांबवली. पहिल्याच राऊंडमध्ये पॅकियाओ घसरला तर रेफरीने नॉकडाऊन मोजला, बाकी रात्रभर एकतर्फी. या फाईटच्या थंबनेलवर मात्र बरेरा खाली पडलेला फोटो लावलाय, स्पॉयलर म्हणजे काय हे या लोकांना माहीतच नाही बहुतेक. मार्केझच्या चौथ्या फाईटच्या थंबनेलवर काय असेल ते तुम्हीच ओळखा.

हुआन मॅन्युएल मार्केझच्या चारही फाईट्स आहेत, आणि खरं सांगायचं तर या चार फाईट्ससाठीच पैसे वसूल होतात. पहिली 8 मे 2004, 126 ला. पहिल्याच राऊंडमध्ये मार्केझ तीनदा खाली, मला वाटलं संपली, आणि मग तो माणूस उठून हळूहळू त्या डाव्या हाताचं गणित सोडवायला लागतो. ड्रॉ झाली. एका जजने त्या राऊंडला 10-6 ऐवजी 10-7, म्हणजे मार्केझला एक पॉइंट जास्त दिला आणि नंतर चूक कबूल केली, तो एक पॉइंट बरोबर पडला असता तर पॅकियाओ जिंकला असता. दुसरी 2008 ला 130 वर, स्प्लिट डिसिजन (तीनपैकी दोन जज एका बाजूने, एक दुसऱ्या), पॅकियाओ. तिसरी 2011, परत पॅकियाओ, पण अर्धं जग म्हणतं मार्केझ जिंकला, मीही त्यातलाच. आणि चौथी डिसेंबर 2012.

चौथी बघताना काय झालं ऐका. सहावा राऊंड, पॅकियाओ जोरात, मार्केझचं नाक फुटलेलं, राऊंड संपायला शेवटचे क्षण, आणि स्क्रीनवर गोल फिरायला लागलं. बफरिंग. परत चालू झालं तेव्हा पॅकियाओ तोंडावर पालथा पडलेला. 2:59 ला नॉकआऊट, म्हणजे एक सेकंद उरला होता, आणि माझ्या अ‍ॅपने नेमका तोच एक सेकंद खाल्ला! मागे करून बघितलं ते वेगळं. गंमत अशी की 2009 ला त्याने रिकी हॅटनला 140 वर झोपवला तोही दुसऱ्या राऊंडच्या 2:59 लाच. नियतीने सव्याज परत केलं म्हणायचं. कस्टमर सपोर्टला बफरिंगबद्दल लिहिलं तर तीन दिवसांनी उत्तर आलं, अ‍ॅप काढून परत टाका.

मोरालेसच्या तीन फाईट्स पण आहेत, 2005 ची पहिली हरला, पुढच्या दोन नॉकआऊटने जिंकला. सलग बघा तिन्ही. पहिलीत अजून डावाच हात, शेवटच्यात उजवा हुक दिसायला लागतो. रोचचं काम. 135 वर डेव्हिड डायझ, जून 2008, नववा राऊंड. ही मी पळवत बघितली, डायझ बिचारा धीट पण हळू, बघवत नाही.

आता डे ला होया. डिसेंबर 2008. 135 वरून सहा महिन्यांत थेट 147. तेव्हा लोक ही जोडीच वेडेपणाची म्हणत होते, केवढा मोठा माणूस आणि केवढा हा. अ‍ॅपवरची कॉमेंटरी पहिले तीन राऊंड तेच बोलते, साईज, साईज, साईज. पण काटा काय सांगत होता? वेट-इनला पॅकियाओ 142, डे ला होया 145. आणि फाईटच्या रात्री पॅकियाओच जड होता! डे ला होया 147 ला 2001 नंतर पहिल्यांदा उतरत होता, स्वतःला पिळून काढलेलं, अंगात पाणीच राहिलं नव्हतं. आठ राऊंडनंतर स्टूलवरून उठला नाही. 1999 ला थायलंडमध्ये पॅकियाओचं जे झालं तेच नऊ वर्षांनी दुसऱ्या बाजूने झालं, आणि मला खात्री आहे की पॅकियाओला ते पहिल्या मिनिटात कळलं असणार, तो त्या खुर्चीवर बसून आलेला माणूस आहे. आणि अ‍ॅपमध्ये हे आकडे? नाहीत. मला बाहेर शोधावे लागले.

मिगेल कोटो, नोव्हेंबर 2009, डब्ल्यूबीओ वेल्टरवेट, बारावा राऊंड. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात पूर्ण फाईट, दोन्ही हात, पाय, कोन, सगळं. पण इथे एक खुसपट काढतोच, ही 147 ला नाही तर ठरवून 145 ला झाली, कॅचवेट म्हणतात त्याला. आणि आठवं टायटल, नोव्हेंबर 2010, अँटोनियो मार्गारिटो, गट 154 चा पण करार 150 चा. त्यामुळे काही लोक म्हणतात आठवं टायटल अर्धंच. मीही आधी त्याच मताचा होतो. मग ती फाईट बघितली. पॅकियाओ काट्यावर 144.6 पौंड, म्हणजे कराराचं 150 सुद्धा भरत नाही, आणि रात्री रिंगमध्ये मार्गारिटो 165 तर हा 148. सतरा पौंडांचा फरक, जवळजवळ पावणेआठ किलो! उंचीत मार्गारिटो 5 फूट 11, हा साडेपाच फुटांच्या आसपास. बारा राऊंड त्याच्याभोवती फिरून त्याने मार्गारिटोच्या डोळ्याचं हाड मोडलं आणि अकराव्यात रेफरीकडे बघत होता की थांबवा आता. कॅचवेटची तक्रार मी गिळली. 98 पौंडाच्या पोराने खिशात वजनं टाकली होती, आणि पंधरा वर्षांनी तोच काट्यावर मर्यादेच्या खाली भरतोय आणि यावेळी खिसे रिकामे.

मेवेदर बद्दल काय बोलायचं. 2 मे 2015, 46 लाख लोकांनी पे-पर-व्ह्यू घेतलं आणि बहुतेकांनी डोक्याला हात लावला. अ‍ॅप मात्र होमपेजवर अजून तीच ढकलतंय. त्यापेक्षा जुलै 2019 ची कीथ थर्मन बघा, वय 40 आणि पहिल्याच राऊंडमध्ये नॉकडाऊन. जुलै 2025 ची मारियो बॅरिओसवालीपण टाकलीय, वय 46, ड्रॉ, आणि ही एकमेव फाईट जिची पिक्चर क्वालिटी खरंच चकाचक आहे.

तर हिशोब. कलेक्शन, 2001 नंतरचं, उत्तम. त्याआधीचं भोकं पडलेलं. शोधायची सोय रद्दी. माहितीच्या ओळी चुकीच्या किंवा अर्धवट. आपोआप येणारे सबटायटल्स तर बंदच करा, पॅकियाओच्या नावाचे त्यांनी एकाच राऊंडमध्ये पाच वेगवेगळे अवतार केलेत. पाचपैकी अडीच देत होतो, मार्केझमुळे तीन. ऑटो-रिन्यूअल मात्र घेतल्या घेतल्या बंद करा, सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली लपवलेलं बटण आहे. मी काल बंद केलं. अजून सहा दिवस बाकी आहेत, वही समोर आहेच, आज रात्री परत सासाकुल लावणार आहे, आवाज गेला तरी चालेल.