कोकणातला पावसाळा आणि डिह्युमिडिफायर : जून ते नोव्हेंबर वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. खोली नीट बंद करता येत असेल तर हवेतली ओल ओढून तिचं पाणी टाकीत काढणारं हे यंत्र पैसे वसूल करतं. बंद करता येत नसेल तर ते समुद्रातली हवा सुकवत बसतं आणि बिल तुम्ही भरता. खाली जे आहे ते बहुतेक याच एका गोष्टीचा हिशोब आहे.

घर मालवणकडचं, जांभ्या चिऱ्याचं. पुढची पडवी आणि माजघर कौलारू, मागे स्लॅबच्या दोन खोल्या. यंत्र त्यातल्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत. कॉम्प्रेसरवर चालणारं, खोक्यावर ‘दिवसाला १२ लिटर’ लिहिलेलं, वीज २४० वॉट, टाकी अडीच लिटरची, मागे पाइप जोडायला तोटी. खोलीत कपड्यांची दोन कपाटं, कापसाच्या गाद्या, पुस्तकं आणि एक तबला-डग्ग्याची जोडी. म्हणजे ओल धरणारं सगळं एकाच ठिकाणी.

आधी त्या १२ लिटरचं. हा आकडा सहसा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. २७ अंश आणि ६० टक्क्यांवर तेच यंत्र साधारण निम्मं पाणी काढतं. पहिल्या आठवड्यात टाकी भराभर भरते आणि मग वेग मंदावतो, तेव्हा ‘गॅस गेला’ म्हणून मेकॅनिकला बोलावू नका. हवेत पाणी कमी उरलं की काढायलाही कमीच मिळणार. खरेदी करताना मात्र खोक्यावरचा आकडा अर्धा करूनच खोली मोजा.

आता हिशोब. २७ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २५-२६ ग्रॅम बाष्प मावतं. ९० टक्के आर्द्रतेला ते २३ ग्रॅम, ५५ टक्क्यांना १४. आमची खोली दहा फूट उंचीची, म्हणजे ३४ घनमीटर. ९० वरून ५५ वर यायला हवेतून काढायचं पाणी भरतं फक्त ३०० ग्रॅम, दीड पेला! मग टाकी दिवसातून दोन-तीनदा का भरते? कारण ते पाणी हवेचं नाहीच. ते गाद्यांचं, कपड्यांचं, पुस्तकांचं आणि गिलाव्यात मुरलेलं असतं. हवा कोरडी झाली की या वस्तू आपलं पाणी हळूहळू सोडतात, आणि त्याला आठवडा-दीड आठवडा लागतोच. पहिल्या दोन दिवसांत आकडा ७०च्या खाली उतरला नाही म्हणून यंत्र परत करणारे लोक इथेच फसतात.

दुसरा भाग फटींचा. खोलीतली हवा तासाला एकदा बदलली, तर दर तासाला तेच ३०० ग्रॅम पाणी पुन्हा आत येतं. दिवसाला सात लिटर. यंत्राचा खरा आवाका पाच-सहा लिटरचा. म्हणजे फटी बुजवल्या नाहीत तर यंत्र चोवीस तास चालूनही हरणार. कौलारू भागात, जिथे कौलांच्या सांध्यांतून आभाळ दिसतं, तिथे हवा याच्या कितीतरी पट वेगाने बदलते. तिथे २५ लिटरचं यंत्र आणलं तरी काटा हलत नाही. ते घर वाहत्या हवेवर आणि चुलीच्या उबेवर टिकायचं. चूल गेली, गॅस आला, डोळ्यांचा आणि छातीचा धूर गेला हे फार चांगलं झालं, पण माळ्यावरच्या वाशांना आता बुरशी धरते त्यामागे हेही एक कारण आहे.

फटी बुजवायला खर्च फारसा नाही. दाराच्या तळाला रबरी पट्टी, खिडकीच्या झडपांना फोमची चिकटपट्टी, वरच्या झरोक्यांना मापाचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, जुन्या एसीच्या पाइपाचं भोक सिलिकॉनने बंद. झरोक्याचा तुकडा स्क्रूने बसवा, चिकटवू नका. डिसेंबरात तो काढायचा असतो. फटी शोधायला उदबत्ती पुरते. पावसाळी वाऱ्याच्या दिवशी दार-खिडकीच्या कडेने ती फिरवली की धूर कुठे ओढला जातो ते दिसतं. आमच्याकडे सगळ्यात मोठी चोरवाट निघाली ती इलेक्ट्रिकच्या स्विचबोर्डामागची पाइपलाइन, जी सरळ माळ्यावर उघडते.

बंद खोलीत माणसं झोपवायची नाहीत, हे आलंच. ताजी हवाही लागते. म्हणून वेळापत्रक असं बसलं: सकाळी दहा ते संध्याकाळी सात-आठपर्यंत दार लावून यंत्र, रात्री यंत्र बंद, दार किलकिलं, पंखा. रात्रीत आर्द्रता ७०-७५ पर्यंत चढते, पण गाद्या आणि कपडे दिवसभर कोरडे राहिले असल्याने बुरशीला सलग वेळ मिळत नाही.

झोपायला न लावण्याचं दुसरं कारण उष्णता. बाष्पाचं पाणी होताना लिटरमागे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडते, आणि यंत्राने खाल्लेली वीजही शेवटी खोलीतच उष्णता होऊन राहते. पहिल्या आठवड्यात दहा तासांत पाच लिटर काढले तर खोलीत पावणेसहाशे वॉटचा हीटर लावल्यासारखं होतं. खोली दोन-तीन अंशांनी तापते. कपड्यांना ते मानवतं, माणसांना नाही. विक्रेते हे सांगत नाहीत आणि एसीसारखा गारवा मिळेल या आशेने घेणारे चिडतात.

यंत्राच्या पडद्यावरच्या आर्द्रतेवर विसंबू नका. त्याचा सेन्सर हवा ओढण्याच्या जाळीजवळ असतो, तो यंत्राभोवतीचीच कोरडी हवा मोजतो. वेगळा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) घ्या, आणि घेतल्यावर मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (विरघळवायचं नाही). झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून एक दिवस सावलीत ठेवा. २५ अंशांच्या आसपास आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ८० दाखवत असेल तर पुढे नेहमी पाच वजा करा. मग तो मीटर खोलीच्या मध्यावर टांगू नका. नैऋत्येकडच्या, पावसाची झड खाणाऱ्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे ठेवा. बुरशीला खोलीच्या सरासरीशी देणंघेणं नसतं. भिंतीच्या पृष्ठभागाशी आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकून राहिली की तिचं काम सुरू. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं हा यातला फुकटातला उपाय.

आकडा किती ठेवायचा? आम्ही ५५ वर ठेवतो. धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांच्यामुळे दम्याच्या माणसाला पावसाळ्यात जास्त त्रास होतो, ते ५० टक्क्यांच्या खाली नीट जगत नाहीत हे खरं. पण कोकणात जुलैमध्ये ५० गाठायला यंत्र थांबतच नाही. शिवाय सागाची-फणसाची जुनी लाकडं एकदम सुकवली तर सांधे उघडतात. दम्याचं कुणी नसेल तर ६० सुद्धा चालेल. तबल्याची पुडी (वरचं कातडं) मात्र ५५ला ताणात राहिली, नाहीतर ऑगस्टात ती सैल पडायची.

बिल : २४० वॉट गुणिले दहा तास म्हणजे रोज २.४ युनिट, महिन्याला सत्तरेक. घराचा मूळ वापर ऐंशी-नव्वद युनिट असेल तर तुम्ही १०० चा टप्पा ओलांडून महाग दरात जाता, हे धरून चला.

खोलीत पाणी येण्याच्या इतर वाटा बंद करणं यंत्रापेक्षा स्वस्त. एक किलो एलपीजी जळताना सुमारे १.६ लिटर पाण्याची वाफ होते, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर बावीसेक लिटर पाणी घरात सोडतो. भाताची, डाळीची वाफ वेगळी. स्वयंपाकघराचं दार लावून एक्झॉस्ट चालू ठेवा. धुतलेले पाच किलो कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी दोन-अडीच लिटर पाणी घेऊन येतात. कपडे वाळवायलाच यंत्र लावायचं असेल तर खोली रिकामी करून, पंखा कपड्यांवर सोडून लावा. त्या कामात ते खरंच उत्तम आहे. पण तोच दिवस गाद्यांच्या खात्यात धरू नका. आणि यंत्र स्वयंपाकघरात कधीच नको. तेलाचा थर कॉइलवर (आतल्या गार नळ्यांवर) बसला की धूळ चिकटते आणि तो निघत नाही.

आता काय बिघडतं ते. टाकीत चार-पाच दिवसांत बुळबुळीत थर धरतो. तो फ्लोटच्या (टाकी भरली हे ओळखणाऱ्या तरंगत्या तुकड्याच्या) बिजागरीत गेला की फ्लोट अडकतो. मग एकतर रिकामी टाकी ‘भरली’ म्हणून यंत्र बंद पडतं, नाहीतर भरलेली टाकी ओतप्रोत वाहते. टाकी आठवड्यातून दोनदा भांड्याच्या साबणाने आणि ब्रशने घासा. पाइप लावला असेल तर तो शेवटपर्यंत उतारानेच जायला हवा. मध्ये कुठे झोळ पडला की तिथे पाणी साचतं, शेवाळ धरतं आणि पाणी उलट टाकीत येतं. बाहेरच्या टोकाला जाळी बांधा, मुंग्या आत शिरतात. हे पाणी पिण्याचं नाही, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. ते डिस्टिल्ड वॉटरसारखं दिसतं, पण कॉइलवरची धूळ आणि धातू त्यात उतरलेला असतो. लादी पुसायला, संडासात ओतायला ठीक.

हवेची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची. ती तुंबली की २७ अंशांतही कॉइलवर बर्फ दिसतो. जाळी स्वच्छ असूनही बर्फ येत असेल तर गॅस कमी झालेला असतो, ते मेकॅनिकचं काम.

समुद्रकाठी खरा शत्रू मीठ. नोव्हेंबरात मागची जाळी काढून टॉर्च मारला तर खिडकीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, तांब्याच्या नळीला जिथे अ‍ॅल्युमिनियमच्या फिन्स (पातळ पात्या) टेकतात, तिथे पांढरी भुकटी दिसते. बोटाने चोळली तर खरखरीत लागते. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यात खारट ओल, म्हणून अ‍ॅल्युमिनियम आधी झिजतं. घेतानाच फिन्सवर निळा किंवा सोनेरी लेप असलेलं यंत्र मागा, ते समुद्राकडच्या खिडकीजवळ ठेवू नका, आणि हंगामात दोनदा मऊ ब्रशने फिन्सच्या रेषेतच, उभ्याने, झाडा. आडवा ब्रश मारला की फिन्स वाकतात.

तिसरी भानगड लाइटची. बटणं स्पर्शाची असतील आणि ‘ऑटो रिस्टार्ट’ नसेल, तर लाइट जाऊन आल्यावर यंत्र मुकाट बंदच राहतं. दिवसभर चालू असेल अशा समजुतीत आपण. ही सोय आहे का, ते दुकानातच प्लग काढून-लावून बघा. कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाही, तीनेक मिनिटं थांबा. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर हे चालवू नका, कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग काढायचा. गणपतीपर्यंत कुलूपबंद राहणाऱ्या घरात हे यंत्र एकटं चालू ठेवून मुंबईला जाणं तर आम्हाला अजिबात पटत नाही. अशा घराला गाद्या उभ्या करून, कपाटाची दारं उघडी टाकून, शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायला सांगणं बरं.

जे यंत्राने झालं नाही : भिंतीच्या पायथ्याचा लोणा. चिरा सच्छिद्र, जमिनीतलं पाणी वर ओढतो. आत हवा कोरडी केली तर तो उलट जास्त पाणी आत सोडतो आणि क्षार पृष्ठभागावर आणून ठेवतो. त्या फुटाभर पट्ट्यात रंगाचे पोपडे पूर्वीपेक्षा जास्त निघाले. सरकलेलं कौल, तुंबलेलं गटार, बाहेरून भिंतीवर उडणाऱ्या पागोळ्या, यांना शाकारणी आणि गवंडीच लागतो. गणपतीआधी घाईने मारलेला प्लास्टिक पेंट तर ओल्या भिंतीवर टिकायचाच नाही. यंत्राने खोली दोन-तीन आठवडे सुकवून मग चुन्याचा हात दिला, तो धरला.

यंत्र सुरू करण्याआधी जुनी बुरशी काढा. सुकली की तिची भुकटी होऊन जास्त उडते. तोंडाला एन-९५, हातमोजे, आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसणं. कोरडा झाडू नको. ब्लीच वापरलंच तर त्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

स्वस्त पर्यायांविषयी थोडक्यात. ‘मिनी’ म्हणून येणारे पेल्टियरचे (कॉम्प्रेसर नसलेले, विजेने गार होणाऱ्या चकतीचे) डबे दिवसाला पाव-अर्धा लिटर काढतात, तेही उत्तम परिस्थितीत. खोलीसाठी निरुपयोगी. कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात चालतात, पण सांडले तर चामडं आणि लोखंड दोन्ही खराब. डांबरगोळ्या ओल शोषत नाहीत, फक्त कुबट वासावर दुसरा वास चढवतात, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या ठेवूच नयेत. एअर प्युरिफायर हवेतले बुरशीचे कण पकडतो, भिंतीवरची वाढ थांबवत नाही.

हंगाम संपला की यंत्र नुसत्या पंख्यावर तीन-चार तास चालवून कॉइल सुकवा, टाकी उन्हात वाळवा, पाइप काढून टाका. झाकायला सुती चादर, प्लास्टिक नको. उभंच ठेवा. हलवताना आडवं झालंच, तर पुन्हा उभं करून एक दिवस थांबा आणि मगच प्लग लावा. पाल आत शिरून सर्किट बोर्डावर शॉर्ट होऊ नये म्हणून मागच्या तोटीला बूच मारून ठेवा.