खाणअवलंबितांवरचा अभ्यास: पैसा सरकारचा घ्यावा की सीएसआरचा?

चाळिशी उलटलेला माणूस नवं काम कसं शिकतो, किंवा का शिकत नाही, यावर गोव्यात अभ्यास करायचा म्हटलं तर पैसा मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो: सरकारी संशोधन अनुदान किंवा कंपनीचा सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्चायचा पैसा. जिल्हा खनिज निधीही आहे आणि त्यात कौशल्यविकास बसतो, पण तो प्रशिक्षण देण्यासाठी. निव्वळ अभ्यासासाठी त्याच्या दारात मी गेलो नाही. बाकी दोन्हींकडून पैसे घेऊन झालेत. 12ए, 80जी (करसवलतीच्या) आणि सीएसआर-1 (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) या नोंदण्या तुमच्या संस्थेकडे आहेत असं धरून लिहितो.

माझा विषय डिचोली आणि सत्तरीतले खाणअवलंबित. 2012 ला खाणी थांबल्या, मध्ये जेमतेम सुरू झाल्या आणि 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केल्यावर मार्चच्या मध्यात पुन्हा ठप्प. ट्रकवाले, गॅरेजमधले फिटर, बार्जवरचे खलाशी यांतलं कोण नव्याने काही शिकलं, कोणी अर्ध्यावर सोडलं आणि का सोडलं, एवढंच मला बघायचं होतं.

सुरुवातीला सीएसआर फारच गोड लागतो. सरकारी अर्जात मी साहित्याचा आढावा लिहीत बसलो होतो, तेवढ्या काळात कंपनीकडे एक बैठक होऊन पैसे खात्यात आलेसुद्धा. शिवाय माणसाचा रोज बुडतो, त्याची भरपाई त्यांनी एका शब्दात मान्य केली. हे लहान काम नव्हे. सेंट्रिंगच्या कामाला जाणारा माणूस तुमच्या मुलाखतीसाठी अर्धा दिवस फुकट का घालवेल? माझ्या सरकारी अनुदानात मानधन, प्रवास, पुस्तकं, किरकोळ अशी शीर्षं होती. बुडालेल्या रोजाला त्यात जागाच नव्हती.

सीएसआरच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेवरून कोणी घाबरवलं तर घाबरू नका. ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासनखर्चावर आहे, तुमच्या सर्वेक्षकांच्या पगारावर नाही. आणि 31 मार्चची घाई दाखवली, तर सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प कायद्यातच बसतो, हे नम्रपणे सांगावं. अडचण निराळी आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआर कशावर खर्चता येतो त्या यादीत, रोजगाराभिमुख कौशल्यं आहेत, उपजीविका आहे, पण माझ्यासारखा अभ्यास प्रशिक्षणाच्या पाठुंगळी बसूनच न्यावा लागतो. आणि प्रशिक्षण म्हटलं की फोटो आला.

माझं बिनसलं ते या फोटोवरून.

सत्तरीतल्या एका गावात संध्याकाळचे वर्ग घेत होतो. मोबाईलवर बिल करणं, हॉटेलच्या कामापुरतं इंग्रजी, असलं साधंच. एके काळी तीन टिप्पर बाळगून असलेला एक गृहस्थ मागच्या बाकावर येऊन बसायचा. कंपनीची माणसं आली, बॅनर लावला, सगळ्यांना टी-शर्ट वाटले, एकेकाच्या हातात वही देऊन फोटो काढले. पन्नाशीच्या माणसाला टी-शर्ट! रात्रीपर्यंत फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर कोणीतरी त्याला हसत विचारलं, “कितें रे, आतां इस्कोलांत वता?” (काय रे, आता शाळेत जातोस?) तो पुन्हा आला नाही. आठवड्याभरात त्याच्या ओळीतले आणखी चौघे गळाले. गोवा 2025 च्या घटकराज्य दिनी पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला. अशा राज्यात मोठ्या माणसाने वही घेऊन बसलेलं दिसणं ही लाजच होऊन बसते, हे मला तोवर कळलं नव्हतं.

मी हे अहवालात लिहिलं. कंपनीच्या तक्त्यात ‘प्रशिक्षित’ आणि ‘नोकरी लागली’ असे दोनच रकाने होते; ‘सोडून गेले’ हा तिसरा मी वाढवला. उत्तर अगदी गोड भाषेत आलं, की हे जरा नकारात्मक दिसतं, पूर्ण केलेल्यांपुरताच अहवाल ठेवूया. पण माझा प्रश्नच सोडून गेलेल्यांचा होता!

सगळ्या कंपन्या अशाच, असं मी म्हणणार नाही. निव्वळ वर्ग चालवायचे असतील तर आजही डोळे झाकून सीएसआर घ्या म्हणेन. अभ्यास करायचाच असेल तर करारात दोन ओळी आधीच घालून घ्या: वर्गात फोटो नाहीत आणि गळतीचा रकाना राहील. मी घातल्या नव्हत्या, तेव्हा थोडी चूक माझीही.

सरकारी पैशानेही मला कमी छळलं नाही. दुसऱ्या हप्त्यासाठी पाठवलेलं उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचे पैसे कशावर खर्चले त्याचा दाखला) एका शीर्षात काही रुपयांचा मेळ लागेना म्हणून परत आलं. प्रवासाचं शीर्ष संपलेलं, पुस्तकांचं तसंच पडून, आणि यातलं त्यात घालायचं तर पुन्हा पत्रव्यवहार. माझे दोन सर्वेक्षक वाळपईचे; चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली आणि त्यांचे पैसे मी स्वतःच्या खिशातून दिले. पण त्या सगळ्या काळात कोणी मला फोटो मागितला नाही. मसुद्यात सोडून गेलेल्यांवर दोन पानं होती, तर तपासणाऱ्याचा शेरा आला, यावर आणखी लिहा. वर्षभर कागदांशी झटापट केली होती, त्या एका शेऱ्याने बराचसा शीण गेला.

टिप्परवाले ते गृहस्थ पुढे भेटले, माझ्याशी दोन तास बोलले. घरी, पडवीत, दार लोटून.

यंदाचा अर्ज मी सरकारीच भरलाय. प्रवासाला थोडे जास्त मागितलेत आणि दोघा पोरांना आधीच सांगून ठेवलंय, चवथीपूर्वी हप्ता येईल या भरवशावर राहू नका.