सायकलची पॅडेड बॅग: सगळं सुखरूप पोचलं, हँगर सोडून

वर्ष होत आलं, सायकल विमानाने न्यायला ही बॅग वापरतोय. साडेनऊ हजार मोजलेत, त्यामुळे लिहायच्या आधी पुरेसा वापर होऊ दिला. मापं, खिसे, पट्टे ही माहिती कंपनीच्या पानावर आहेच. मला बोलायचंय ते बॅगेच्या मागच्या उजव्या बाजूबद्दल, जिथे डिरेलरचा, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा, हँगर येतो.

बॅगेसोबतच्या कागदावर सांगितलंय की मागचा गिअर सगळ्यात मोठ्या चकतीवर टाका, म्हणजे डिरेलर आत सरकेल, आणि तसाच बंद करा. अगदी तसंच केलं. पुणे–दिल्ली–लेह, म्हणजे बॅग दोनदा चढली, दोनदा उतरली. लेहला हॉटेलच्या अंगणात उघडली तर फ्रेमवर ओरखडा नाही, ब्रेकची डिस्क सरळ, पुढच्या फोर्कमध्ये अडकवलेला प्लास्टिकचा ठोकळा जागच्या जागी. मागून वाकून बघितलं तर चेन ताणून धरणारा डिरेलरचा पिंजरा स्पोककडे झुकलेला.

हँगर म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा बोटाएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. तो मुद्दाम मऊ ठेवतात, कारण मार बसला तर तो वाकावा, फ्रेम वाचावी. पण मागच्या चाकावरच्या अकरा चकत्यांच्या संचात, म्हणजे कॅसेटमध्ये, शेजारच्या दोन चकत्यांमधलं अंतर ४ मिमीच्याही आत असतं. हँगर जरासा आत गेला की गिअर आपोआप उड्या मारतात, आणि सगळ्यात हलक्या गिअरवर पिंजरा थेट स्पोकमध्ये जाऊ शकतो. हलका गिअर लागतो चढावर. लेहहून खारदुंग ला म्हणजे चाळीसेक किलोमीटरचा चढ, खिंड ५,३०० मीटरच्या वर. तिथे डिरेलर चाकात गेला तर डिरेलर, स्पोक आणि हँगर तिन्ही एकदम जातात, आणि वर्षभर साठवलेली सुट्टी रस्त्याच्या कडेला संपते.

बाजूच्या जाड फोमचं सगळे कौतुक करतात. फोममुळे ओरखडे वाचतात, पण वजन काही अडत नाही. बॅगेवर वीस किलोची सुटकेस पडली की तो भार सगळ्यात बाहेर आलेल्या भागावर जातो, आणि उजव्या बाजूला तो भाग डिरेलरच असतो. तिथे एक कडक प्लास्टिकची वाटी शिवली असती तर कंपनीला कितीसा खर्च आला असता?

लेहमधल्या मेकॅनिककडे हँगर सरळ करायचं खास हत्यार नव्हतं. त्याने डिरेलर काढला आणि एका जुन्या मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल हँगरच्या भोकात फिरवून बसवला. दोन्हीचे आटे एकच, १० मिमीचे. मग माझं चाक आणि ते जुनं चाक शेजारी-शेजारी उभं, आणि तो दोन रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे पट्टीने मोजत जुनं चाक हलक्या हाताने ओढत होता. चारही बाजूंना अंतर सारखं आल्यावरच थांबला. "सर, एक बार सीधा हो गया। दोबारा मुड़ा तो टूटेगा।" बरोबरच होतं त्याचं, अ‍ॅल्युमिनियम पुन्हापुन्हा वाकवलं की तडकतं.

परत आल्यावर कंपनीला फोटोंसकट लिहिलं. उत्तर आलं, विमान कंपनीला विचारा. विमान कंपनीने काउंटरवर सही घेतलेल्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं: नाजूक सामान, नुकसान झाल्यास जबाबदारी आमची नाही. इतके पैसे घेऊन दोघांनीही हात वर केले, याचा राग अजून आहे.

त्या रागात कन्याकुमारीच्या राइडला बॅग घरीच ठेवली. तसाही एका दिशेचा प्रवास असला की रिकामी बॅग ठेवणार कुठे? तिरुवनंतपुरमला सायकलच्या दुकानातून नव्या सायकलचं रिकामं खोकं घेतलं, एसीच्या पाइपला गुंडाळतात तो काळा फोम फ्रेमला लावला, आणि सायकल पुण्यात धड पोचली. खोक्याच्या कडा ताठ असतात, तो भार त्या घेतात. मात्र सुरक्षा तपासणीत खोकं फाडून उघडलं आणि चिकटपट्टी मलाच पुन्हा लावावी लागली. खोक्याला चाकं नाहीत, आणि पावसात पुठ्ठ्याचा लगदा होतो. विमानतळाच्या दारापासून काउंटरपर्यंत ते ओढत नेताना बॅगेची खरी किंमत कळली.

म्हणून पुढच्या वेळी बॅगच काढली, पण कंपनीचा कागद बाजूला ठेवून. आता ५ मिमीच्या अ‍ॅलन कीने डिरेलर हँगरवरून सोडवतो, चेन तशीच ठेवून तो जुन्या बनियनमध्ये गुंडाळतो आणि झिप टायने फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत बांधतो. हँगरचे दोन बारीक स्क्रूही काढतो. हँगर आणि स्क्रू एका डबीत. मागचं चाक काढलं असेल तर चाक बसतं त्या फ्रेमच्या दोन टोकांमध्ये ठोकळा हवाच, नाहीतर फ्रेम तिथे दबते. सगळं मिळून दहा मिनिटं लागतात. तेव्हापासून काहीही वाकलेलं नाही, आणि बॅगेबद्दलचं माझं मत दोन चांदण्यांवरून चारवर गेलंय. पाचवी त्या वाटीसाठी राखून ठेवली आहे.

बाकी थोडक्यात. डाव्या पेडलचे आटे उलटे, जोर लावण्यापूर्वी दिशा बघा. टायरमधली हवा बरीच काढा, पण रिमला आधार राहील इतकी ठेवा. पॉवर बँक आणि दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. लेहहून निघताना विरळ हवेमुळे विमानाला कमी वजन घेऊन उडावं लागतं, तेव्हा अवजड सामान मागे राहू शकतं हे धरूनच पुढचं नियोजन करा.

आणि तिकीट काढायच्या आधी आपल्या फ्रेमचा जादा हँगर मागवा. प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा असतो; दुसऱ्या सायकलचा सहसा बसत नाही आणि वाटेतल्या दुकानात मिळेलच असं नाही. माझा सातशे रुपयांना पडला, पण यायला तीन आठवडे लागले.