वर्ध्यात राहायला जावं का? दवाखाना, रेल्वे, पाणी, वीज, इंटरनेट : सेवांचं परीक्षण

घर बघायला वर्ध्यात डिसेंबरात येऊ नका. त्या दिवसांत हवा गार असते, नळ वेळेवर येतो, विजेवर ताण नसतो आणि कोणतंही घर आवडून जातं. या शहराचा खरा कस मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात लागतो. पारा ४५ च्या आसपास असतो, नळाची पाळी लांबलेली असते आणि रात्री दहा वाजता सगळ्या घरांत कूलर सुरू असतात. एकच चक्कर जमत असेल तर ती मेमध्ये करा.

वर्ध्यात राहायला जावं का, हा प्रश्न दोन प्रकारच्या घरांपुढे असतो. एक, पुण्या-मुंबईचं भाडं सोडून घरून काम करत इकडे परतू पाहणारी. दुसरी, शेती गावातच ठेवून मुलांच्या शिक्षणासाठी आणि म्हाताऱ्यांच्या दवाखान्यासाठी शहरात खोल्या घेणारी. दुसऱ्या प्रकारच्या घरांनी आधी अंतर मोजावं. देवळी किंवा सेलूकडची शेती वर्ध्यात राहून दुचाकीवर सांभाळता येते. आष्टी, कारंजा (घाडगे) भागातली नाही. कारंजा नागपूर-अमरावती महामार्गावर आहे, त्यामुळे तिथल्यांना नागपूरच सोपं पडतं. हिंगणघाटही राष्ट्रीय महामार्ग ४४ वर असल्याने तिथून नागपूरला थेट जाता येतं. या दोन्ही ठिकाणच्या लोकांनी केवळ जिल्ह्याचं ठिकाण म्हणून वर्धा धरू नये.

वर्ध्याची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे दवाखाने. २०११ च्या जनगणनेत जेमतेम लाखावर असलेल्या या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. एक सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, म्हणजे १९६९ मध्ये सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. दुसरं सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. एवढ्या आकाराच्या दुसऱ्या शहरात ही सोय क्वचितच मिळते. घरात हृदयाचा, किडनीचा किंवा कॅन्सरचा रुग्ण असेल तर निर्णय इथूनच वर्ध्याच्या बाजूने झुकतो.

शिकवणाऱ्या रुग्णालयाची रीत मात्र समजून घ्या. ओपीडी सकाळची असते. आधी शिकाऊ डॉक्टर सविस्तर विचारतो, मग वरिष्ठ तपासतात, मग चाचण्या, आणि अहवाल घेऊन पुन्हा दाखवायचं. पूर्ण दिवस हाताशी ठेवा. पहिल्या भेटीचा नोंदणी क्रमांक जपा, जुन्या नोंदी त्यावरूनच निघतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर भरती होण्याआधीच रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, भेटा. बिल तयार झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागतं. तिथे नुसती मशीन आहे का असं विचारू नका. अमुक वारी, अमुक वेळी पाळी मिळेल का ते विचारा, आणि ती मिळाल्यावरच सामान बांधा.

रेल्वेतही वर्धा नशीबवान आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मुख्य मार्ग इथे मिळतात. पण स्टेशनं दोन आहेत. वर्धा जंक्शन शहरात आहे. सेवाग्राम जंक्शन, जे पूर्वी वर्धा पूर्व होतं, काही किलोमीटरवर आहे. दिल्ली-चेन्नई मार्गाच्या गाड्या सेवाग्रामला थांबतात, वर्ध्याला येतच नाहीत. तिकीट काढताना 'डब्ल्यूआर' आणि 'एसईजीएम' हे कोड नीट पाहा. घाईत चुकीच्या स्टेशनावर उभं राहणं इथे नवीन नाही.

'नागपूर काय, पाऊणशे किलोमीटर' असं म्हणत रोज ये-जा करायचा बेत असेल तर दोनदा विचार करा. दोन्ही मुख्य मार्गांच्या गाड्या आणि कोळशाच्या मालगाड्या सेवाग्राम-नागपूर याच पट्ट्यात एकत्र येतात. त्यामुळे गाडी नागपूरच्या तोंडाशी थांबणं नेहमीचं. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम त्यासाठीच हाती घेतलेलं आहे. मासिक पासावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. घरापासून ऑफिसपर्यंत एका बाजूचे दोन तास धरा. आठवड्यातून दोनदा जायचं असेल तर जमतं, सहा दिवस शरीर मोडतं. समृद्धी महामार्गाला येळाकेळीजवळून चढता येतं, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे आणि टोल रोजच्या प्रवासात जड जातो.

आता घर. जाहिरातीत 'वर्धा' लिहिलेलं असलं तरी बरीचशी नवी वस्ती नगरपरिषदेत नाही. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी, म्हसाळा ही ग्रामपंचायतींची हद्द आहे. तिथे कर कमी असतो. नळयोजना, कचरागाडी, नाली आणि रस्त्यावरचे दिवे मात्र प्रत्येक ग्रामपंचायतीत वेगळे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन हिशेब असू शकतात. भाड्याने घेणाऱ्याने एवढंच विचारावं : नळ कोणाचा, किती दिवसांनी येतो, किती वेळ राहतो. हे घरमालकाला नाही, शेजारच्या बाईंना विचारा. विकत घेणाऱ्याने प्लॉट अकृषक आहे का आणि लेआउट मंजूर आहे का ते पाहावं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नाही. त्याच्या भरवशावर इसार देऊ नका.

जमीन काळी आहे. कपाशीला ती सोन्यासारखी, घराला तापदायक. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पाया दरवर्षी थोडा वर-खाली होतो. मेमध्ये घर पाहिलं की हे सगळं डोळ्यांनी दिसतं. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या गेलेल्या भेगा शोधा. केसाएवढी भेग प्लास्टरची असते, तिचं काही नाही. जिच्यात रुपयाचं नाणं कडेने शिरतं, ती पायाची. दारं मधेच अडकतात का, फरशी मध्ये उचलली आहे का, कंपाउंडची भिंत झुकली आहे का, तेही पाहा. नुकताच रंग दिलेलं घर असेल तर कपाटामागे आणि जिन्याखाली बघा, तिथे कोणी पुट्टी भरत नाही. जमिनीखालची पाण्याची टाकीही याच कारणाने तडकते. तपासायची रीत सोपी : संध्याकाळी टाकी भरून पातळीची खूण करा आणि सकाळपर्यंत पाणी वापरू नका. बोटभर उतरलं तर टाकी गळते आहे.

शोषखड्ड्याचं दुखणंही मातीचंच. काळ्या मातीत पाणी जिरत नाही. भुयारी गटार नसलेल्या लेआउटमध्ये जुलै-ऑगस्टात शोषखड्डा तुडुंब भरतो आणि संडासाचं पाणी उतरेनासं होतं. मागच्या पावसाळ्यात मैला उपसायची गाडी किती वेळा बोलवावी लागली, हा प्रश्न जरूर विचारा. एकदा असेल तर चालतं. तीनदा असेल तर ते घर सोडा.

पाण्याचा हिशेब कागदावर करा. शहराचं पाणी धाम नदीचं आहे. पाऊस कमी झालेल्या वर्षी पुढच्या उन्हाळ्यात पाळी लांबते. चार माणसांना दिवसाला ४०० लिटर धरा. मोठा कूलर दिवसभर चालला तर ८० ते १०० लिटर पितो, हे बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. म्हणजे रोजचे ५०० लिटर. नळ तीन दिवसांनी येत असेल तर १५०० लिटरचा साठा लागतोच, आणि पाळी एकदा चुकेल हे धरून ३००० लिटर हवा. स्लॅबवरची ५०० लिटरची एकच टाकी असलेलं घर कितीही देखणं असलं तरी मेमध्ये हाल करतं. नळाला थेट टुल्लू पंप लावून पाणी ओढू नका. तो बेकायदा आहेच, शिवाय गळक्या सांध्यांतून नालीचं पाणी आत खेचतो. बोअर असेल तर मेमध्ये सलग अर्धा तास चालवून पाहा. दहाव्या मिनिटाला धार तुटत असेल तर तिला जमेत धरू नका.

विजेचं गणित कूलरशी बांधलेलं आहे. कूलर कोरड्या उन्हाळ्यात एसीच्या तोडीचा गारवा देतो, पण त्याला दोन गोष्टी लागतात : बाहेरची हवा ओढणारी खिडकी, आणि आतली हवा बाहेर जायला समोरची उघडी खिडकी. इमारतीच्या आतल्या बंद डक्टमध्ये उघडणाऱ्या खिडकीला कूलर लावला तर खोली फक्त दमट होते. फ्लॅट बघताना कूलरचं स्टँड कुठे बसेल ते आधी पाहा आणि घरमालकाची परवानगी घ्या. लोखंडी कूलरला अर्थिंग हवंच. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि पाणी भरताना प्लग काढून ठेवा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. हे काम उद्यावर टाकू नका. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि कूलर निकामी ठरतो. तेव्हाच्या उकाड्यासाठी एसी हवा असेल तर मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे का ते तपासा.

डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, घरापासून किती लांब आहे तेही पाहा. लाइनीच्या शेवटच्या घराला रात्री व्होल्टेज पडतं. मेमध्ये रात्री दहाला प्लगमध्ये व्होल्टमीटर लावा. २१०-२२० असेल तर ठीक. १९० च्या खाली असेल तर फ्रिज आणि पाण्याची मोटर दोन्ही धोक्यात. वादळी पावसात झाड पडून लाइन गेली तर काही तास येत नाही. इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या एका बॅटरीवर तीन पंखे, चार एलईडी आणि राउटर साधारण चार-पाच तास निघतात. कूलरही चालवायचा असेल तर वेळ जवळपास निम्मी होते.

घरून काम करणाऱ्यांसाठी इंटरनेटचा वेग ही अडचण नाही, फायबर मिळतं. अडचण तुटण्याची आणि जोडायला लागणाऱ्या वेळेची. केबल खांबांवरून लोंबत येते. रस्ता खोदताना ती तुटते, उंच ट्रकला अडकून तुटते, वांदरांच्या उड्यांनीही तुटते. राउटरवर लाल 'एलओएस' दिवा लागला तर केबल तुटली आहे. राउटर बंद-चालू करत बसू नका, लगेच तक्रार द्या. जोडणी करून घेताना लाइनमनला मीटरवर सिग्नल दाखवायला सांगा. उणे २५ डीबीएमपेक्षा (हे सिग्नल मोजायचं एकक) कमकुवत, म्हणजे उणे २६-२७ असेल तर सांधा पुन्हा मारून घ्या, नाहीतर पुढे लाइन सतत तुटत राहते. दोन कंपन्यांची कनेक्शनं घेऊनही फसगत होते, कारण दोन्ही केबली बहुधा एकाच खांबावरून येतात आणि एकाच फटक्यात जातात. दुसरं कनेक्शन मोबाइलचंच ठेवा, आणि सिम घ्यायच्या आधी घरातल्या कामाच्या खोलीत, दार लावून, वेग तपासा.

शाळा पुरेशा आहेत. अकरावी-बारावीला प्रवेश परीक्षेची मोठी शिकवणी हवी असेल तर मुलं नागपूरकडे बघतात, तो खर्च आधीच धरावा. नवरा-बायको दोघांनाही नोकरी हवी असेल तर दुसरी नोकरी मिळाल्याशिवाय हलू नये. रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं आणि सरकारी कचेऱ्या सोडल्या तर पर्याय थोडे आहेत. जिल्ह्यात दारूबंदी आहे, काहींना त्यासाठीच इथे राहणं बरं वाटतं.

घर ठरलं तर पहिला करार अकरा महिन्यांचाच करा आणि तो नोंदवून घ्या. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं कायद्याने आवश्यक आहे. छापील मसुद्यात तीन वाक्यं हाताने घालायला लावा : नळ आणि बोअर दोन्ही आटले तर टँकरचे पैसे कोण देणार, शोषखड्डा उपसायचा खर्च कोणाचा, आणि खिडकीला कूलरचं स्टँड ठोकायची मुभा आहे की नाही. घरमालक यातल्या पहिल्या वाक्यावर अडून बसला, तर उन्हाळ्यात त्या घरात पाणी नसतं असं समजा.